सडा न पडलेलं अंगण

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी कुंड्यांना पाणी घालत होते. फोन मामीचा होता. "माय, तुझे मामा गेले," एवढंच ती म्हणाली. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात पाइप… पाणी कुंडीतून बाहेर येऊन फरशीवरून वाहत होतं. मी रडायच्या आधी धावत जाऊन नळ बंद केला. मामाला कळलं असतं, तर स्वतःच्या मरणाचा फोन अर्धा ठेवून तो आधी त्या पाण्यावरून मला बोलला असता.

किसनमामा सरकारी गाडीवर ड्रायव्हर होता. लातूरला बदलून आला तेव्हापासून शेवटपर्यंत त्याच गावात राहिला. त्याच्या घरी कुणी गेलं की पाण्याचा पेला अर्धाच भरून यायचा. "आधी एवढं घ्या, लागलं तर अजून हाय," असं तो हसून म्हणायचा, पण पेल्यात घोटभर पाणी उरलं तर त्याचा चेहरा उतरायचा. आम्ही भाचरं त्याला चिकटू म्हणायचो. मामीचं दुःख वेगळं होतं. सगळ्या गल्लीत सकाळी दारापुढं सडा पडायचा, रांगोळ्या निघायच्या, आणि आमच्या मामीचं अंगण मात्र कोरडं ठक्क. लग्न होऊन आल्यावर सुरुवातीची काही वर्षं ती सडा टाकायची. पुढं मामानं एक दिवस तिच्या हातातली बादली काढून घेतली, ती कायमची. शेजारणी विचारायच्या तेव्हा मामी म्हणायची, "आमच्यात चालत न्हाई." जणू काही कुळाचाच रिवाज. पण तो कुळाचा नव्हता, एकट्या मामाचा होता, आणि त्याचं कारण घरात मामीला, मला आणि त्याला अशा तिघांनाच ठाऊक होतं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची ही गोष्ट. उस्मानाबादचे तालुके तोडून हा जिल्हा केला आणि त्याबरोबर माणसंही वाटली गेली. मामा लातूरच्या वाट्याला आला. त्याला त्याचा कोण अभिमान! उदगीरला आमच्याकडं आला की माझ्या वडिलांना म्हणायचा, "दाजी, आता आमी जिल्ह्याच्या गावचे. बोलताना जरा बेतानं." नव्या कचेऱ्यांवर नवे फलक लागत होते, रंग अजून वाळायचे होते. आणि तेवढ्यात पावसानं दगा दिला. एक वर्ष जेमतेम निघालं, दुसऱ्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला. मामाच्या ट्रकवर पत्र्याची टाकी बसवली गेली आणि खडी वाहणारा मामा पाणी वाहू लागला. तेव्हाचे टँकर दारोदार थांबत नसत. गावच्या आटलेल्या विहिरीत टाकी रिकामी करायची आणि मग बायांनी दोर सोडून ते पाणी परत वर ओढायचं, अशी रीत होती. वरून ओतलेलं पाणी खालून ओढून राहिलेत, याला सरकार म्हणतेत, असं मामा म्हणायचा.

माझं दुखणं त्या वेळी निराळंच होतं. मी उंच होते. नुसती उंच नाही, वर्गातल्या मुलांच्याही डोक्यावरून फळा दिसेल एवढी. शाळेत मला शिडी म्हणायचे. आईला रात्रंदिवस एकच घोर की हिला नवरा कुठला मिळायचा! "वाकून चाल गं जरा," ती सारखी म्हणायची, आणि मी खरंच पाठीला पोक काढून चालायला शिकले होते. शाळेच्या मैदानात एका खांबाला जाळी नसलेली लोखंडी कडी होती. पी.टी.चे सर त्याला बास्केटबॉल म्हणत. तिथं मी चेंडू टाकायचे तेवढ्या वेळापुरती माझी पाठ सरळ व्हायची. ते मामानं एकदा बघितलं. बघून घरी काही बोलला नाही. पण पुढच्या खेपेला आला तो सांगतच आला, की जिल्ह्याच्या सोहळ्यासाठी लातूरला मुंबईच्या बायांचे दोन संघ येणार आहेत आणि त्या बायांना या खेळाचा पगार मिळतो.

आईला ते खरंच वाटेना. खेळायचा पगार? मामा म्हणाला, "हाव अक्का, पगार. आन् सगळ्या हिच्याहून उंच हायेत. पोरीला धाड माज्यासंगं. एकदा डोळ्यानं बगू दे तिला, उंच बाया कशा चालतेत ते." आणि मग माझ्याकडं वळून, "दावतो तुला माय. शबूद हाय माजा." तेवढ्या एका शब्दावर मी सुट्टीत लातूरला गेले.

सामन्याच्या दिवशी सकाळी मैदानावर पाणी मारायचं कामही मामाच्याच गाडीला होतं. मैदान मुरमाचं. त्यावर पाणी मारून रूळ फिरवला, चुन्याच्या रेघा ओढल्या. कुंपणाबाहेर बाया कळश्या घेऊन उभ्या होत्या आणि पाणी मातीत जिरताना बघत होत्या. मामानं त्यांच्याकडं पाठ करून काम उरकलं. मग आम्ही टाकी पुन्हा भरून घेतली. ते पाणी होतं डोंगरापलीकडच्या एका वाडीचं. दुपार कलल्यावर तिथं पोचायचं होतं. मैदान वाटेतच होतं, तेव्हा मामा म्हणाला, खेळ सुरू झालेला थोडा बघू, मग तुला कुणाजवळ तरी बसवून मी वाडीला जाऊन येतो. टँकर कुंपणाला लावला आणि मला टाकीच्या पत्र्यावर बसवलं. बुडाखाली ओलं पोतं घातलं, तरी पत्रा भाजत होता. मला त्याचं काही नव्हतं.

त्या बाया आल्या आणि मी वाकायची विसरले. केस घट्ट बांधलेले, अर्ध्या चड्ड्या, हात मोकळे. लोक आधी कुजबुजले, काही पोरं फिदीफिदी हसली. त्यातली एक तर सगळ्यांहून उंच, सावळी. मांडवाची दोरी आडवी आली तेव्हा ती वाकून खालून गेली आणि पुढच्याच पावलाला ताठ झाली. मला आजही तिचा खेळ आठवतो त्याच्या आधी ते तिचं ताठ होणं आठवतं.

पण खेळ सुरू होईना. सकाळचं पाणी उन्हानं केव्हाच पिऊन टाकलं होतं. मुरूम सुटला होता, सराव करतानाच दोघी घसरून पडल्या, एकीचा गुडघा फुटला. संघाबरोबरचे गृहस्थ म्हणाले, असल्या जमिनीवर आमच्या मुली खेळणार नाहीत. संयोजकांची तारांबळ उडाली. आणि मग त्यांच्यातल्या एकाला कुंपणाजवळचा टँकर दिसला.

मामानं नाही म्हणून सांगितलं. वाडीचं पाणी आहे, माणसं वाट बघत असतील, असं दोनदा सांगितलं. ते गृहस्थ हात जोडत होते. म्हणत होते की पुन्हा भरून न्या, दिवस मावळायच्या आत पोचाल. तिकडं बाया बूट सोडायला लागल्या होत्या. मी वर बसून सगळं ऐकत होते. मी हट्ट केला नाही, रडले नाही, एक शब्दही बोलले नाही. पण मामानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे… म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण दुसरं कुणी ते जाणत असेल असंही मला वाटत नाही. मामा गाडीच्या मागं गेला आणि त्यानं तोटी सोडली.

वाडीचं सगळं पाणी मैदानावर गेलं. मामानं मला एका शिक्षिकेशेजारी बसवलं आणि खेळाचा चेंडू वर उडण्याआधीच तो रिकामी गाडी घेऊन पाणी भरायला निघून गेला.

खेळाबद्दल काय सांगू! पुढं मी शेकडो सामने खेळले, पाहिले, तसा एकही नव्हता. दिवस मावळताना मामा मला घ्यायला आला. मी त्याच्यापुढं धावून, उड्या मारून, ती सावळी बाई कशी झेपावली, कशी हवेतच वळली ते करून दाखवत होते. तो "हाव का… हाव का" म्हणत होता. टाकी रिकामीच होती. पाणी भरायच्या ठिकाणी वीज गेली होती, पंप बंद होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो भरलेली गाडी घेऊन वाडीला गेला आणि परत आला तो ओट्यावर टेकून बसला. मामीनं विचारलं तेव्हा त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. वाडीच्या बाया दुपारपासून विहिरीच्या काठावर भांडी मांडून बसल्या होत्या. अंधार पडायला लागला तेव्हा एकीनं आपल्या पोरीला तांब्या देऊन तळाशी उतरवलं, झऱ्याचं ओंजळभर मिळतं का बघायला. पायरीचा दगड निसटला. पोर हिच्याच वयाची, मामा म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता त्यानं माझ्याकडं बोट केलं. पोर वाचली होती. पाय मोडला होता.

तो पाय नीट जुळला नाही. दवाखान्यात नेईपर्यंत गावच्या हाड बसवणाऱ्यानं तो बांधून टाकला होता. सुगंधा तिचं नाव. मामानं तिला कधी टाकलं नाही. सणाला कपडे, शाळेची फी, पुढं लग्नात भांडी, सगळं मामाचं. आणि मी? मी ताठ चालायला लागले. शाळेकडून खेळले, विद्यापीठाकडून खेळले, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागले. पगार खेळायचाच म्हणायचा. आईनं पहिल्या पगाराचे पेढे वाटले तेव्हा मामानं पेढा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच उठून बाहेर गेला. माझा एकही सामना बघायला तो आला नाही. नांदेडला मी किती वेळा बोलावलं! दर वेळी काही ना काही निघायचं. मला वाईट वाटायचं, रागही यायचा. पण विचारायची हिंमत झाली नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी तो गुडघेदुखी विसरून ती गाडी बघायला गेला. घरी परतल्यावर मला फोनवर म्हणाला, "एवढ्या डब्यांच्या गाडीवर डायवर एकटाच असतोय का गं?" मी म्हटलं, दोघं असतात. तर म्हणाला, "मंग बरं हाय."

मामाच्या जलदान विधीला सुगंधा आली होती. मी तिला तोवर कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आयुष्यभर मी तिला भ्याले. पांढऱ्या लुगड्यातली एक ठेंगणी बाई पाय ओढत आत आली, मामीच्या गळ्यात पडली, आणि मी कोपऱ्यात सरकले. बौद्धाचार्य गाथा म्हणत होते. घरची माणसं तांब्याला हात लावून पेल्यात पाणी सोडत होती. पेला भरून पाणी ताटात ओसंडायचं, अशी ती रीत. मामीनं ताटाखाली एक मोठी परात ठेवली होती. जन्मभराची सवय, थेंब जमिनीवर जायला नको.

माणसं पांगल्यावर सुगंधा सरळ माझ्याजवळ येऊन बसली.

"तुमीच ना त्या, खेळ बगितलेल्या?"

मी मान हलवली.

"माज्या लग्नात मामांनी सांगितलं मला समदं. लई रडले. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या मामा, झालं ते झालं. पर खेळ कसा हुता ते तरी सांगा. तर म्हणले, म्या बगितलाच न्हाई."

तिनं पाय लांब केला. मग म्हणाली, "तवापून मनात हाय. ज्याच्यापायी एवढं झालं, त्यो खेळ हुता तरी कसा?"

मी सांगितलं. चुन्याच्या रेघा, बांधलेले केस, फुटलेला गुडघा, मांडवाची दोरी, ती सावळी बाई हवेत वळली ते. सांगता सांगता मी उभी राहिले आणि मामापुढं केलं होतं तसं, या वयात, पांढऱ्या साडीत हात उंच करून दाखवलं. सुगंधा मान वर करून बघत होती. मामी दारात उभी राहून बघत होती. "चांगला हुता म्हणायचा," सुगंधा अखेर म्हणाली, आणि भिंतीला धरून उठली.

मामी परात उचलायला वाकली तर सुगंधानं ती आधीच घेतली होती. कडेवर घेऊन ती पाय ओढत अंगणात गेली. मला वाटलं, झाडाला घालेल. तिनं ओंजळ बुडवली आणि दारापुढं सडा टाकायला सुरुवात केली. मामीनं पुढं होऊन हात धरला नाही. दारासमोरची हातभर जागा ओली झाली. परातीत तेवढंच पाणी होतं.