कॅप्सूल वाटून खायची नसते

सरकारी दवाखान्यात माझा टीबी फुकट बरा झाला, असं मी आजवर सांगत आलो.

फुकट नव्हता झाला.

साठ इंजेक्शनं लागली. दोन महिने धड बसता येत नव्हतं, कानात घंटा वाजायच्या. पुढे कितीतरी महिने रोज सकाळी उपाशीपोटी लाल कॅप्सूल.

आणि सुमन सिस्टरच्या सायकलचे दोन टायर, आमच्या गल्लीतल्या गिट्टीवर झिजलेले.

त्या सुमन सिस्टर काल गेल्या. वय पंच्याऐंशी. दुपारी जेवून झोपल्या, त्या उठल्याच नाहीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी नागपूरच्या गांधीबागेत, कापडबाजारात, गाठी उचलायचो. आज तिथेच माझं दुकान आहे, पण ते असू द्या.

त्याआधी टीबी म्हणजे दीड-दीड वर्ष औषध. दोन-तीन महिन्यांत बरं वाटलं की पेशंट गायब. मग संशोधन झालं, नवी कॅप्सूल आली, सहा महिन्यांत काम भागू लागलं. पण औषध महाग, मोजकंच यायचं. कोण खातो आणि कोण उकिरड्यावर टाकतो हे बघायला सिस्टर न सांगता घरी टपकायच्या.

चेकिंग सोपं होतं. त्या कॅप्सूलने लघवी केशरी होते.

"नागपूरचा माणूस हाय नं तू," लघवीची बाटली उन्हात धरून म्हणायच्या, "संत्र्याचा रंग निघालाच पाह्यजे."

माझी इंजेक्शनं संपली, घरी कॅप्सूल सुरू झाल्या, आणि तेव्हाच माझी धाकटी बहीण शोभा खोकायला लागली. संध्याकाळी कणकण. ब्लाउज सैल झालेला.

तिचं लग्न ठरलेलं होतं. तीन महिन्यांवर आलेलं. मुलगा शहरातल्याच नंदनवन भागातला, नोकरीवाला.

आई म्हणाली, हिचं नाव दवाखान्यात गेलं की लग्न गेलं.

तोड मी काढली. आमच्या घरात एक केळं आलं तरी चौघांत वाटून खायचो. तशीच कॅप्सूलही वाटली. एक दिवस मी, एक दिवस शोभा.

मला स्वतःच्या डोक्याचं फार कौतुक वाटलं होतं.

सिस्टर सोमवारी आल्या. केशरी. मंगळवारी पुन्हा आल्या. पाण्यासारखी. बुधवारी परत केशरी.

"काहून गा रमेश, तुझी कॅप्सूल दिवसाआड ड्युटीवर येते काय?"

मी म्हटलं, काल विसरलो. पुढचं खोटं जुळवत होतो, तेवढ्यात आतून खोकला आला. तोंडावर पदर दाबून धरला की येतो तसा.

सिस्टरने सायकल स्टँडला लावली आणि सरळ आत गेल्या. शोभाला समोर बसवलं. किती दिवस झाले, ताप कधी येतो, थुंकीत काही दिसतं का, सगळं विचारलं. मग माझ्याकडे वळल्या.

"वाटून खाऊन राहिले तुम्ही?"

मी हो म्हणून मान हलवली.

"भाकर वाटून खा. केळं वाटून खा. हे नाही. अर्ध्या औषधानं जंतू मरत नाही, शहाणा होते. मग हीच कॅप्सूल त्याले काही करत नाही. दोघंही जाल."

इतक्या वर्षांत मोठमोठ्या डॉक्टरांची भाषणं ऐकली. याहून सोपं कुणी सांगितलं नाही.

आईने त्यांचे पाय धरले. नाव लिहू नका वं सिस्टर, पोरीचं लग्न तुटते.

"लिहिल्याबिगर औषध भेटत नाही, आई," सिस्टर म्हणाल्या. "पण याच सेंटरवर लिहा असं कोणी म्हटलं?"

दुसऱ्याच दिवशी शोभाची तपासणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याकडच्या सेंटरवर झाली आणि नावही तिकडेच लागलं. रोज सकाळी ती इंजेक्शनला जायची. गल्लीत आम्ही सांगितलं, पोरगी शिलाई क्लासले जाते.

माझा कोर्स मात्र वाढला. मी विचारलं, शिक्षा का? त्या म्हणाल्या, नाही गा, हिशेब तर जंतूसंगं हाय.

लग्नाआधी शोभाची थुंकी निगेटिव्ह आली. आई त्या कागदाला हळदीकुंकू लावायला निघाली होती, तिला कसंबसं थांबवलं.

लग्न ठरल्या तारखेला झालं. औषधाचे तीन महिने उरले होते, ते सासरी गुपचूप घ्यायचे होते.

सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात ब्लाउजपीस पुढ्यात टाकला. क्लास केलेली सून ना. तो मी गांधीबागेतल्या टेलरकडून शिवून आणला आणि पिशवीतून शोभाच्या हाती दिला.

तेव्हापासून मी घरात छाती फुगवून सांगतो: नंदनवनात कोणाला काडीचा सुगावा लागला नाही. गोष्ट पोटात ठेवावी तर रमेशने.

शोभाला आज नातवंडं आहेत. वजन विचारलेलं तिला आवडत नाही. हे लिहू का, म्हणून मघाशी तिला फोन केला.

"लिही गा दादा. आता मले कोण टाकून देते?"

आज सकाळी स्मशानघाटावर बरीच गर्दी होती. माझ्यासारखे कित्येक, प्रत्येकाच्या आठवणीतली सिस्टर वेगळी. शोभाचे यजमान, आमचे जवाई सुधाकररावही आले होते. मला वाटलं, माझ्या सोबतीला आले.

मी हात जोडले आणि जरा मोठ्यानेच बोलून गेलो. सिस्टर, तुमचे दोन्ही पेशंट ठणठणीत आहेत. तुमची गोष्टही कोणाले कळू दिली नाही. शेवटचा जयभीम.

सुधाकरराव शेजारीच उभे होते. त्यांनी डोळे पुसले, चष्मा परत लावला.

"दादा," ते म्हणाले, "सिस्टरनं शोभाले सांगितलं होतं, नवऱ्याले सांगायचं तर तूच सांग. तिनं मले लग्नाच्या आधीच सांगितलं. लग्नानंतरच्या तीन महिन्यांच्या कॅप्सूल सेंटरवरून मीच आणत होतो."