आवाज दोन

आमच्या कामावरचे किस्से असे साठलेत की एक सांगायला जावं तर दुसरा मधेच उडी मारतो. जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघीजणी मोबाईलवर वाक्यं बोलतो आणि कॉम्प्युटर ती ऐकून लिहितो. त्याला आपली बोली शिकवायची! सातवी शिकलेली मी, मास्तरीण झाले.

पहिल्याच दिवशी काम देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "घरी बोलता तसंच बोला." मी घाबरत बोलले, "पाणी गार हाय." कॉम्प्युटरनं 'पाणी गार' लिहिलं आणि पुढं इंग्रजीतलं हाय-हॅलोवालं 'हाय' टाकलं! मला वाटलं, गेलं काम. शेजारी बसून बोलणारी पद्माक्का म्हणाली, "अगं, ओळख करून घेतोय तुझी!"

*

पद्माक्काच्या घरी तेलुगू बोलतात. एकदा ती बोलता बोलता अडखळली. मॅडमनी विचारलं, "काय झालं?" ती गडबडीत तेलुगूत म्हणाली, "एमी लेदू." म्हणजे, काही नाही. कॉम्प्युटरनं लिहिलं, 'ए, मी लाडू!'

*

माझी लेक परी तीन वर्षांची झाली, अजून एक शब्द बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, कान चांगले आहेत, वाट बघा. सासूबाई म्हणतात, "बोलंल की! लई घाबरतीस तू." एकदा तिला कामावर नेलं. सगळ्या म्हणाल्या, "किती गुणी लेकरू, आवाजच न्हाय!" मी हसले. पद्माक्का हसली नाही.

*

रेकॉर्डिंगमध्ये जितकी माणसं, तितके नंबर कॉम्प्युटर देतो. आवाज एक, आवाज दोन. घरी काम आणलं तेव्हा सासूबाईंच्या कुकरची शिट्टी झाली. कॉम्प्युटरनं लिहिलं, 'आवाज दोन: इश्श!' मॅडमनी फोन केला, "घरी कोण लाजत होतं?"

*

परवा घरात मी आणि परीच. दार बंद, पंखा बंद, कुकर धुऊन पालथा घातलेला. परी माझ्याकडं पाठ करून बिस्किट खात होती. बोलायचं वाक्य होतं, "घरात कोण हाय?" बोलले. कॉम्प्युटरनं 'हाय' अगदी बरोबर लिहिलं! आणि खाली आणखी एक ओळ.

'आवाज दोन: मी.'

परत परत लावून ऐकलं. कधी वाटायचं, परीचा आवाज आहे. कधी वाटायचं, बिस्किट मोडलं. परी तशीच पाठमोरी.

पद्माक्काला फोन लावून सगळं सांगितलं. "तुझ्या लाडूसारखं तर काही लिहिलं नाही ना त्यानं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मला काय विचारतीस? तिलाच परत विचार की!"

फोन ठेवला. परीजवळ जाऊन बसले. आता माझ्याच तोंडातून शब्द फुटेना.