शिंजीर बाबा आणि माझी खुर्ची

मंडळी, माझ्या पीएचडीचा एक लाडका निष्कर्ष आज सकाळी ललिताक्कांच्या स्वयंपाकघरात साफ कोसळला. मी अजून हसतेय.

बेंगळुरूत के. आर. पुरमला अक्कांच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीला शिंजीर या इवल्याशा पक्ष्याचं घरटं लटकलंय. पिल्लांना आई किती वेळा भरवते आणि बाप किती वेळा, हे मी दहा दिवस अंगणात खुर्ची टाकून मोजतेय. अक्कांचे कपडे तेवढे दिवस घरात वाळतायत.

आई बिनधास्त येत होती, म्हणून मी पुरेशी लांब बसलेय असं मला वाटलं. बापाचा मात्र पत्ताच नाही. आज वैतागून म्हटलं, "अक्का, हा नर एक नंबरचा कामचुकार आहे हो!"

"छे गं! तू गेलीस की लगेच येतो तो," अक्का म्हणाल्या. "तुला भितो. आत ये स्वल्प, खिडकीतून बघ."

मी खुर्ची उचलून आत गेले. अक्कांनी दिलेली कॉफी संपायच्या आत तो चमकदार जांभळा नर चोचीत अळी घेऊन आला, भरवून गेला आणि पुन्हा आला! अक्कांचा चेहरा असा फुललेला, जणू तो त्यांचाच जावई.

दहा दिवसांची मोजणी पाण्यात गेली. वहीत रोज लिहिलं होतं, "नर येत नाही." आज त्याखाली लिहिलं, "मी समोर बसले की नर येत नाही."

तुम्हीही कुणाला असं कामचुकार ठरवून टाकलंय का? एकदा खुर्ची हलवून बघा.