ज्याची पावती, तोच टॅक्स

आमच्या बाबांचं अर्थशास्त्र सोपं होतं: ज्याची पावती, तोच टॅक्स. गोंदिया जिल्ह्यात केशोरीकडच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचा घरटॅक्स भरला की ती पावती ते बुद्धाच्या तसबिरीमागे खोचत आणि वर्षभर ताठ मानेने हिंडत. राईस मिलमध्ये पोती उचलणाऱ्याला ताठ मान परवडते कुठे, असं आई चिडवायची.

मला पुण्यात नोकरी लागली, ही दोन हजार सात-आठची गोष्ट. बाबा पहिल्यांदाच माझ्या खोलीवर आले तेव्हा घरमालक चहा पिता पिता सहज म्हणाले, "तुमच्या गोंदियात इन्कम टॅक्स भरणारे असून असून किती असणार? सगळं आमच्याच टॅक्सवर चालतं हो."

"बराबर आहे साहेब," बाबा म्हणाले. मी गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

त्याच वर्षी बाबांचा मोतीबिंदू पिकला. उजव्या डोळ्यानं काहीच दिसेना, डावाही धूसर झाला. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं, पण बाबा हटून बसले.

"लोकायच्या टॅक्सवर कायले डोळे करू? घरटॅक्स तं गावाचा, सरकारले आपन काय भरून राहिलो?"

आई रडली, मी गावी येऊन भांडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी चिडून मी अंगाचा साबण उचलला आणि वेष्टनावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली: 'सभी करों सहित'.

"म्हंजे काय?"

"म्हणजे किमतीतच टॅक्स आला, बाबा. पुण्याच्या साहेबांच्या साबणावर जेवढा, तेवढाच तुमच्या. त्यांची कमाई मोठी, तुमची लहान, साबण तोच."

"आन् पावती?"

"त्याची नाही देत कोणी."

बाबांनी चहापत्तीचा पुडा मागवला, मग बिस्किटांचा, मग दातांच्या पावडरचा डबा. एकेक वाचून घेतलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. आता ते दोघंही नाहीत. किराणा भरताना त्या संध्याकाळची फार आठवण येते.

दोन दिवसांनी आम्ही दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसानं फॉर्म भरला. बाबांचा हात खिशाकडे गेलेला पाहून तो म्हणाला, "रहने दो बाबा, फ्री है."

"फ्री काऊन?" बाबा म्हणाले. "जलमभर भरूनच राहिलो ना आमी."

रांगेतले सगळे हसले. बाबा हसले नाहीत.