रंगाचा रकाना

माझं अक्षर वाकडं आहे आणि चौथीनंतर ऱ्हस्व-दीर्घ मला कोणी विचारलं नाही. चुकलं असेल ते सांभाळून घ्यावं. पण फूलवाले गुरुजी लिहून ठेवायचे आहेत.

रानात फूल दिसलं की गुरुजी आधी चप्पल काढायचे. मग धोतर सावरून गुडघ्यांवर बसायचे, डबा-कॅमेरा पोटाशी धरायचे आणि श्वास रोखायचे. एका रिळात बाराच फोटो निघत, म्हणून एकेका फुलापाशी अर्धा तास जाई. ते सीताबर्डीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. फाल्गुन-चैत्रात दर रविवारी सायकलनं गोरेवाड्याच्या जंगलात येत. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. मी आणि माझी जाऊ तिथं मोळीला जायचो. गुरुजी फुलांची नावं विचारत, जाऊ सांगे. मी पदराआड.

फोटो काळे-पांढरे यायचे. म्हणून गुरुजींच्या वहीत रकाने होते. पाकळ्या, पान, वास हे सगळे ते स्वतः भरत. रंगाचा रकाना मात्र मला विचारून. मी "लाल" म्हटलं की पेन थांबायचं. "लाल कशासारखं, बाई?" मग मी सुचेल ते सांगायची. काटेसावर पिकल्या मिरचीसारखी, कुडा तांदळाच्या पेजेसारखा, पळस भट्टीतल्या तापल्या विटेसारखा. ते तसंच्या तसं लिहून घेत. मला वाटायचं, परीक्षा घेतात.

"काहून वं, गुरुजी तुले आता पाचवीत बसवून राहिले का?" जाऊ वाटेत चिडवायची.

एका रविवारी वाटेवर धायटीचं झुडूप अंगभर फुललं होतं. गुरुजी त्याच्या बाजूनं सरळ पुढं निघून गेले. आम्ही हाक मारली तेव्हा परत आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अजून फुलली नाही वाटतं."

जावेनं माझ्याकडं पाहिलं. तिला गंमत सुचली. "फुलली नं जी. हिरवंच रायते तिचं फूल, पानासारखं."

गुरुजींनी फांदीवर बोटं फिरवली. बोटांना फुलं लागली. ते वही उघडून लिहू लागले.

परक्या पुरुषासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "खोडा ते, गुरुजी. लाल हाय. निखाऱ्यावर फुंकर मारल्यावर दिसते तसं."

त्यांनी खोडलं. थोड्या वेळानं सांगितलं, की त्यांना लाल आणि हिरवं सारखंच दिसतं. मागच्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यांनी फोटोंवर स्वतः रंग भरले होते. पळस हिरवा रंगवला गेला आणि दिवसभर पोरं हसत होती. "यंदाही हसं झालं तर विज्ञान माझ्याकडून काढून घेतील."

जावेनं मान खाली घातली. गुरुजी रागावले नाहीत. उलट तिलाच विचारू लागले, "तुम्हाला दोन्ही एकदम वेगळे दिसतात? आणि डोळे दुखत नाहीत?"

"नाही जी," जाऊ म्हणाली. त्या दिवसापासून तीही रंग सांगू लागली. मी मिरची म्हटलं की ती कुंकू म्हणायची. आम्ही भांडायचो आणि गुरुजी दोन्ही लिहायचे.

मला मात्र भीती बसली. मी खोटं सांगितलं तर त्यांना कळणार नव्हतं. म्हणून मी प्रत्येक फूल दोनदा पाहू लागले. पळसाच्या कळीचा देठ काळा मखमली असतो, हे जन्मभर पळसाखाली राहून मला तेव्हा दिसलं.

त्या वर्षी गुरुजींनी फोटो रंगवले नाहीत. प्रत्येकाखाली आमचे शब्द लिहून लावले. कोणी हसलं नाही. मुख्याध्यापक चष्मा काढून एकेक वाचत होते म्हणे. विज्ञान गुरुजींकडंच राहिलं, पार निवृत्त होईपर्यंत.

निवृत्तीनंतर शहर सोडून जाताना ते धायटीचा एक फोटो घेऊन आले. त्यांचं पहिलंच रंगीत रीळ होतं. "आता तरी बरोबर आला का?" फोटोतली धायटी गुलाबी होती. हो म्हणून टाकलं असतं, तर ते खुशीत गेले असते.

"नाही जी. फिका हाय."

गुरुजी मोठ्यानं हसले. फोटो उलटा करून मागं माझं निखाऱ्याचं वाक्य लिहिलं आणि मला दिला. त्यानंतर ते भेटले नाहीत. चार वर्षांनी गेल्याचं कळलं.

फोटोतला गुलाबीही आता उडाला आहे. नात विचारते, आजी, हे काय गं, काहीच दिसत नाही. मी फोटो उलटा करते आणि तिला वाचून दाखवते.