विझलेल्या आयनाचे वजन

भाची परराज्यातल्या प्रयोगशाळेत संशोधन करते. सुट्टीत ती चामटोलीला आली, तेव्हा मी आमच्या पेपरसाठी तिच्या प्रयोगाची बातमी करायला घेतली.

कॅल्शियमचा एकच आयन, म्हणजे विद्युतभार असलेला एक अणू, ते हवा काढलेल्या डबीत विद्युतक्षेत्राने अधांतरी अडकवतात. लेझर पडला की तो चमकतो. कॅमेऱ्यात ठिपका दिसतो. मग किंचित वायू सोडतात. त्या वायूशी अभिक्रिया झाली की ठिपका विझतो.

"पण मामा, विझला म्हणजे अभिक्रिया झालीच, असं लिहू नकोस हं," ती म्हणाली. "लेझर सरकला असेल. डबीत उरलेला हायड्रोजन चिकटला असेल. शेजारी दुसरा चमकता आयन अडकवून, त्याच्या हलण्यावरून आम्ही विझलेल्याचं वजन काढतो. त्यावरून कळतं त्याला काय चिकटलं ते. मगच बोलतो."

ते मी वहीत घेतले, बातमीतही लिहिले. पान लावताना सात ओळी जास्त झाल्या. बातमी खालून कापायची ही आमची सवय. वजनाचा परिच्छेद शेवटी होता. तो मीच काढला.

भावोजी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते, आता निवृत्त. त्यांनी कात्रण लॅमिनेट करून टीव्हीशेजारी लावले. भाची परत गेल्यावर एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो.

"या पत्रकार! एक सांगा, ठिपका विझला की रिअ‍ॅक्शन झाली, हे कसं? सॅम्पल तपासून आल्याशिवाय आम्ही लॉगबुकात तसं लिहिलं असतं, तर इनचार्जनं गेटबाहेर काढलं असतं."

"आता पोरीच्या चुका काढा," बहीण आतून म्हणाली.

"माझी पोर असून तिनं एवढं बघू नये?"

वही माझ्या पिशवीत होती. "त्यांची पद्धत वेगळी असेल," मी म्हणालो आणि चहा संपवला.

आठवड्याने भाचीचा फोन आला. "आम्ही वजन काढतो हे सांगितल्यापासून बाबा रोज विचारतात, वजन काढलंस का. गृहपाठ विचारावा तसं. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, ते तू त्यांना बोलला नाहीस?"

"जागा कमी पडली गं."

"पेपरात. घरात कुठे कमी होती?"

पुढच्या रविवारी मी भावोजींना वहीतले पान वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले.

"म्हणजे तिनं तुम्हाला सांगितलं होतं."

"हो. मी कापलं."

ते उठले, भिंतीवरचे कात्रण काढले आणि माझ्या हातात दिले.

"हे तुमचं आहे. वहीतलं पान मला द्या."