दवाखान्यातली फुलवाली

पंचवटीत आमच्या कोपऱ्यावर मखमलाबादची एक फुलवाली बसायची. नाव मी कधी विचारलं नाही, पण ती एका गिऱ्हाइकाशी बोलली तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. दोरा दातानं तोडायची आणि त्याच दमात बोलायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोन मुलांनंतर माझी पाळी लांबली आणि तिसऱ्याच्या धास्तीनं मी अर्धी झाले. आली एकदाची, पण पुन्हा तो घोर नको म्हणून सरकारी दवाखाना गाठला. बाकावर आम्ही सगळ्या बायका खाली मान घालून गप्प, आणि पुढे ही फुलवाली!

"सिस्टर, गोळी घ्यायची मी लय विसरते. तांबी बसवली तर दिवस राह्यची भीती नाय ना?"

"अगं, हळू बोल!"

"हळू का? या समद्या काय दाढदुखीला आल्यात?"

बाकावर हसू फुटलं. सिस्टरही हसल्या आणि सगळ्यांनाच समजावू लागल्या. भीती अगदी थोडी राहते, सुरुवातीला अंगावरून जास्त जाईल, आणि मूल हवं झालं की तांबी काढता येते.

मी बघतच राहिले हो! जे नवऱ्यापाशी बोलायला माझी जीभ रेटत नव्हती, ते हिनं भर दवाखान्यात विचारलं. मग मीही उठले, सगळ्यांदेखत म्हणाले, "सिस्टर, मलाही तांबीच बसवायचीय."

"या ताई," फुलवाली म्हणाली, "माझ्यामागं नंबर लावा."